पट्टीवाल्यांचा डोळा

आमच्या ह्यांना सगळे पट्टीवाले म्हणायचे. खरं नाव कामावरच्या हजेरीत असेल, पण ते घेऊन कुणी कधी हाक मारली नाही, आणि मी तर नाहीच नाही. पट्टी म्हणजे मास्तर हातावर मारायचे ती नव्हे हो. प्लास्टिकची, वीतभर, खिशात मावेल अशी. तिच्यावर हिरव्या रंगाचे पट्टे, एका टोकाला पिवळट पोपटी आणि सरकत सरकत दुसऱ्या टोकाला काळपट हिरवा. पिकाचं पान त्या पट्टीवर धरायचं आणि कुठल्या पट्ट्याशी जुळतं ते बघायचं. पान पोपटी निघालं तर पीक उपाशी, त्याला युरिया द्या. गडद निघालं तर पोट भरलंय, हात आखडा. शेती संशोधन केंद्रावर उभा जन्म ह्यांनी हे एवढंच काम केलं.

"एवढंच" म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. नाकावर माशी बसू देतील तर शपथ! पान बघायचं तेही उगाच नव्हे, त्याचे नियम. सूर्याकडे पाठ करायची, पानावर स्वतःच्या अंगाची सावली पाडायची, म्हणजे उन्हाची चकाकी फसवत नाही. रोज वेळ तीच. आणि मुख्य म्हणजे हंगामभर माणूस एकच. दोन माणसांचे डोळे सारखे नसतात ना! म्हणून हे तापाने फणफणले तरी जायचे. मी दवाखान्यात बाळंतपणाच्या कळा देत होते तेव्हा हा माणूस मक्यात पाठमोरा उभा होता. संध्याकाळी आले आणि पोराकडे बघून पहिलं काय म्हणाले? "रंग चांगला आहे." घ्या!

हंगाम संपला की पीक कापायचं, दाणे वेगळे, ताटं वेगळी, भट्टीत वाळवून, दळून प्रयोगशाळेत पाठवायचं. तिथे आम्लात उकळून त्यातलं नत्र, म्हणजे युरियातून पिकाच्या पोटात जातं ते, मोजायचे. एक वाफा मुद्दाम बिनखताचा ठेवलेला असायचा, त्याला सगळे उपाशी वाफा म्हणत. त्याच्यात किती नत्र निघालं, खत घातलेल्यात किती निघालं, वजाबाकी केली की कळायचं, आपण घातलं त्यातलं पिकाने खरोखर खाल्लं किती. हे मला पोळपाटावर पीठ पसरून, त्यात बोटाने वाफे काढून समजावायचे.

"तीन घास टाकले तर जेमतेम एक पोटात जातो," म्हणायचे.

"आणि बाकीचे दोन?"

"एक हवेत, एक पाण्यात."

"म्हणजे आपल्या चिरंजिवांसारखंच. ताटात कमी, ताटाखाली जास्त."

हसायचे. तेव्हा हसायचे हो, फार छान हसायचे. आणि तीन घासांतला तो एक दीडवर नेणं, पीक मागेल तेव्हाच आणि तेवढंच देऊन, हेच त्यांचं काम होतं. ते त्यांना येतही होतं. केंद्रावरचे मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन यायचे आणि म्हणायचे, हे बघा आमचं यंत्र, ह्याला वीज लागत नाही.

त्या कौतुकानेच घात केला, असं माझं मत आहे. पुढे पुढे पट्टी खिशातून बाहेर येईना. "पट्टी नवशिक्यांना. माझा डोळा हीच पट्टी." आणि घरात तर काय, रंगाच्या बाबतीत त्यांचाच शब्द शेवटचा. कापड घ्यायचं ह्यांनी सांगायचं, फळ पिकलं का ह्यांनी सांगायचं, पोराची जीभ बघून पोट साफ आहे का तेही ह्यांनीच. मुलाने लग्नाआधी मुलगी घरी आणली, तर तिच्यासमोर म्हणतात, "पोरगी जरा पिवळट आहे. नत्र कमी पडलंय." मी तोंडावर हात ठेवला. पण ती सवाई निघाली. म्हणाली, "बाबा, युरिया नका देऊ, चार घास जास्त खाईन." तिथेच तिने ह्यांना जिंकलं. माझ्यापेक्षा सुनेशी त्यांचं जास्त जमायचं.

मग हळूहळू एकेक विचित्र सुरू झालं. चादर धुऊन वाळत घातली की म्हणायचे, "साबण बदल, पिवळी राहिलीय." मी म्हणायची, अहो, बगळ्याला लाजवील अशी पांढरी आहे. एकदा नवा दिवा आणला, तर "दुकानदाराने पिवळा दिला, बदलून आण." मी बदलून आणला, तोही पिवळा. तिसऱ्यांदा दुकानदारच म्हणाला, "काकू, काकांचे डोळे बदलून आणा." मी घरी येऊन ते सांगितलं नाही. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात. ह्यांना कावीळ नव्हती. डोळ्यातली भिंगं पिवळी पडत चालली होती, आतल्या आत, आणि ह्यांना वाटत होतं की जग पिकत चाललंय.

आता बघा, पट्टी हातात असती तर काही बिघडलं नसतं. पान पिवळं दिसलं असतं तशी पट्टीही पिवळी दिसली असती, जुळवाजुळव बरोबर आली असती. पण पट्टी खिशात आणि ह्यांना दिसतंय सगळं शेत उपाशी! हे सांगतील तेवढा युरिया वाफ्यात पडत होता.

केंद्रावर एक तरुण बाई आल्या होत्या, सगळे त्यांना नव्या मॅडम म्हणत. त्या एक दिवस आमच्या घरी आल्या. मी चहा ठेवला. कपाला हात न लावता त्या म्हणाल्या, "काका, यंदा तुमच्या वाफ्यांना खत खूप गेलं. दाणे मात्र तेवढेच. पिकाने घेतलेला वाटा फार खाली आलाय."

"बियाणं बदललंय."

"बियाणं तेच आहे, काका. एकदा डोळे तपासून घ्या ना. मोतीबिंदू असेल. साधं ऑपरेशन असतं."

ह्यांनी कप असा आपटला की बशी तडकली. "तुमचं वय नाही एवढी वर्षं मी पानं बघतोय."

"म्हणूनच सांगते," त्या म्हणाल्या. मुलगी चांगली होती, मला तेव्हाही ती चांगलीच वाटली. पण तिने करायचं ते केलं. एक यंत्र आलं, पानाला चिमट्यासारखं लावायचं की आकडा उमटतो. पानं चिमट्याकडे गेली आणि ह्यांना गोदामात पोत्यांवर नजर ठेवायला बसवलं. सहा महिने कसेबसे काढले आणि मुदतीआधीच घरी येऊन बसले.

मी डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं की उठून जायचे. पालथ्या घड्यावर पाणी! एकदाच, एका दुपारी, मी फार मागे लागले तेव्हा खाली बसून म्हणाले, "आणि डॉक्टर म्हणाला की डोळा गेलाय, तर? मग मी कोण गं?" मी विषय सोडला. बायकोचं मन असतंच असं मेलं, जिथे घट्ट व्हायला हवं तिथे नेमकं पातळ होतं.

घरामागे आमची थोडी जमीन आहे. वाळूसर, पाणी ओतलं की गडप. तिच्या उताराला आमची विहीर, फार खोल नाही. ह्यांनी तिथे मका लावला आणि वाफे आखले. अगदी केंद्रासारखे, उपाशी वाफाही ठेवला. म्हणाले, "कणसं निघाली की मॅडमना बोलावतो. चिमटा आणू दे आणि माझा डोळा बघू दे. मग ठरू दे काय ते." एकदम तरुण झाले. पहाटे उठायचे, टोपी घालायचे. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. घरात तोंड पाडून बसलेल्या माणसापेक्षा शेतात उभा असलेला बरा.

पण पोत्यामागून पोतं यायला लागलं. पानं काळीकुट्ट हिरवी, आणि हे सूर्याकडे पाठ करून, सावली पाडून म्हणायचे, "बघ, पोपटी पडलंय."

"अहो, पोपटी कसलं? काळं पडलंय! मला दिसतंय ना!"

"तुला सावलीत बघता येत नाही."

मग पुन्हा युरिया, पुन्हा पाणी. मका माणसापेक्षा उंच झाला, पण ताटात जोर नाही, नुसता फुगवटा. पहिल्या वाऱ्याला सगळा आडवा. अति तेथे माती, आणखी काय! ह्यांनी बियाण्याला शिव्या दिल्या आणि नवं बी टोकलं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदाही तेच.

आणि ह्याच काळात आमच्या घरात नात आली.

एवढीशी होती. आम्ही तिला चिमणी म्हणायचो. सूनबाईला बाळंतपणानंतर ताप भरला तो उतरेचना, आणि त्यात तिचं दूध आटलं. डॉक्टरांनी पावडरचं दूध सांगितलं. ते कालवायला पाणी कुठलं? नळाच्या पाण्याला औषधाचा वास यायचा, म्हणून ह्यांनीच सांगितलं, विहिरीचं घ्या, गोड आहे. गोड होतंच. आम्ही सगळे तेच पीत होतो आणि आम्हाला कधी शिंकही आली नाही. तरी पोरीसाठी म्हणून मी ते चांगलं खळखळा उकळायची. भांड्यातलं निम्मं आटेपर्यंत. डोळ्यात तेल घालून उकळायची हो मी.

चिमणी चांगली बाळसं धरत होती. आजोबांची टोपी ओढायची. हे तिला घेऊन मक्यात फिरायचे आणि तिला समजावून सांगायचे, हे पान नव्हे, हे बघायचं नाही, त्याच्या वरचं बघायचं. मग एका सकाळी ती बाटली तोंडातून सोडून द्यायला लागली. रडेना. हाक मारली की डोळे उघडायची आणि पुन्हा मिटायची.

"आई, मला हिचा रंग बरा वाटत नाही," सून म्हणाली.

मला पण राखट वाटला. पण रंग आम्ही कोण सांगणार? रंग ह्यांनी सांगायचा आणि घराने मान डोलवायची, हीच आमच्याकडे रीत पडली होती. सूनबाई तिला घेऊन मागच्या ओट्यावर गेली. ह्यांनी पोरीला दोन्ही हातांवर घेतलं. वळून सूर्याकडे पाठ केली. तिच्या तोंडावर आपली सावली पाडली आणि वाकून, अगदी कामावर बघायचे तसं, नीट बघितलं.

"काही नाही. उलट लाली आलीय जराशी."

"ओठ बघा ना, बाबा."

"सावळी आहे पोरगी. तुझ्यावर गेलीय." हसले. "झोपू दे तिला. उठली की दूध पाजा."

सुनेने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ते म्हणतायत तर असेल. उठली तेव्हा तिला दूध पाजलं. थोडं प्यायली.

दुपारी मुलगा जेवायला घरी आला. तो मोटारींच्या कारखान्यात रंगाऱ्याचं काम करतो. हात धुतले, पाळण्यात डोकावला आणि असा ओरडला की शेजारची माणसं धावली. "निळी पडलीय! कुणाला दिसत नाही का? अरे, निळी पडलीय ही!" त्याने तिला तशीच उचलली आणि मोटारसायकलवर मागे सुनेला बसवून नेली. आम्ही दोघं मागून रिक्षाने गेलो. रिक्षात हे मला विचारत होते, "निळी? कुठे निळी?"

डॉक्टरांनी सुई टोचली तर रक्त लाल आलंच नाही, करपलेल्या साखरेसारखं तपकिरी आलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "दूध कुठल्या पाण्यात कालवता?" मग औषध आणायला माणूस पळवला, ते दुसऱ्या दवाखान्यात होतं. ऊन उतरायच्या आत आमची चिमणी गेली. औषध आलं तेव्हा डॉक्टर बाहेर येऊन भिंतीला टेकून उभे होते.

त्यांनीच नंतर समजावलं. खताचं नत्र पाण्यात उतरतं. मोठ्यांना ते पचतं, तान्ह्या बाळाला नाही. रक्तात हवा धरायची ताकद राहत नाही, आतल्या आत गुदमरतं. मी म्हटलं, पण मी उकळत होते हो डॉक्टर, निम्मं आटवत होते. मी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाले, "उकळून ते जात नाही, आजी. पाणी उडून जातं, ते राहतं. दाट होतं." त्यापुढचं मला नीट आठवत नाही.

नव्या मॅडम आल्या, विहिरीचं पाणी बाटलीत भरून घेऊन गेल्या आणि परत येऊन आमच्या ओट्यावर बसल्या. चहाचं मी विचारलं नाही, त्यांनीही अपेक्षा केली नाही. ह्यांनी विचारलं, "किती?"

"बाळाला चालतं त्याच्या कितीतरी पट, काका."

ह्यांनी आडव्या झालेल्या मक्याकडे बघितलं. मग म्हणाले, "पिकाने काही घेतलंच नव्हतं. सगळं खाली गेलं." मॅडमनी होकाराची मान हलवली आणि त्यांचे डोळे भरून आले. ह्यांचे कोरडेच होते. तो कोरडेपणा मला सहन झाला नाही, मी आत निघून गेले.

सूनबाई माहेरी गेली. मुलगा तिला पोचवायला गेला तो तिकडेच राहिला. जाताना दारात उभा राहून एवढंच म्हणाला, "बाबा, 'मला नीट दिसत नाही' एवढं एक वाक्य तुम्ही त्या सकाळी बोलला असतात तर?" त्याने आवाज चढवला असता, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तसलं काही नाही. चप्पल घातली आणि गेला.

मका मी उपटून टाकला, एकटीने. मग ह्यांच्या हाताला धरून डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. शेजारीण म्हणाली, "आता कशाला हो काकू? आता काय बघायचं राहिलंय?" म्हटलं, आता बघू दे त्यांना. हे मी रागाने बोलले की मायेने, मला विचारू नका, माझं मलाच ठाऊक नाही. हे मुकाट्याने आले. ज्या माणसाला मी तीन वर्षं ओढत होते तो शेळीसारखा मागे आला.

एका डोळ्याचं झालं, मग काही आठवड्यांनी दुसऱ्याचं. दुसरी पट्टी काढून घरी आलो त्या दिवशी हे खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि नुसते बघत राहिले. चादर बघितली. माझे केस बघितले, म्हणाले, "किती पांढरी झालीस गं." मग खाटेवर बसले.

"तिचे ओठ कसे होते?"

"जाऊ द्या ना आता."

"रंग सांग. नीट सांग. कशासारखा?"

ते उठले आणि खोलीतली एकेक वस्तू उचलून माझ्यापुढे धरायला लागले. फडकं धरलं. "असा?" मी मान हलवली, नाही. औषधाची बाटली धरली. नाही. बादलीतला प्लास्टिकचा तांब्या धरला. "अजून गडद?" मी म्हटलं, अहो, पुरे करा, तुमच्या पाया पडते. ऐकेनात. भिंतीवर खुंटीला त्यांचा रोजचा शर्ट होता, घरी शेतात घालायचे तो. त्याची बाही त्यांनी हातावर पसरली, खिडकीशी गेले, उजेडाकडे पाठ केली, सावली पाडली.

"हा?"

"हो," मी म्हटलं. "हाच."

"पण हा शर्ट तर राखाडी होता ना?"

"निळा आहे. घेतला तेव्हापासून निळाच आहे. त्या सकाळी तुमच्या अंगात होता."

त्यांनी बाहीवर बोट ठेवलं, कोपराच्या जरा वर. "तिचं तोंड इथे होतं."

"हो."

"पट्टीवर पान धरतात तसं, शेजारी शेजारी होतं."

मी हो म्हटलं.